रिठातली अकरा घरं

परिषदेच्या पत्रिकेत तिसऱ्या पानावर माझं नाव छापलं होतं. खाली विषय होता : ‘मंद टेलिफोन लाइनवर चालणारं वेब अ‍ॅप्लिकेशन – वैनगंगेच्या पूरपट्ट्यातला अनुभव’. गावी गेलो तेव्हा पत्रिका आईला दाखवली. तिला वाचता येत नाही. तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि पत्रिका तांदळाच्या कोठीवर ठेवून दिली. मी मनातून फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

२००८ सालचा फेब्रुवारी. चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात दोन दिवसांची परिषद होती. पुण्याचे, हैदराबादचे, नागपूरचे इंजिनिअर आले होते. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न वाघाचा असतो, दुसरा नक्षल्यांचा आणि तिसरा संडास कुठं आहे हा. तिन्ही उत्तरं देऊन मी पहिला दिवस काढला. पुण्याचा एक जण खेड्यांसाठी सॉफ्टवेअर कसं लिहावं यावर पाऊण तास बोलला. त्याला भातखाचरातलं धानाचं पीक आणि गवत यातला फरक कळला असता की नाही, शंकाच आहे. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं, असं मी माझ्यासोबत काम करणाऱ्या दामिनीच्या कानात म्हणालो. ती नागपूरची. ती नुसती हसली.

आमचं काम तसं लहानसंच होतं. वडशाला नदीकाठ सेवा मंडळ नावाची एक संस्था आहे. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की काठची गावं दोन-दोन, तीन-तीन दिवस तुटतात. मंडळाकडे दोन मोटरबोटी होत्या, गावकऱ्यांच्या भाषेत डोंगे, एक डॉक्टर होता, औषधं होती. अडकलेल्या गावातून कोणी वडशाच्या केंद्रावर फोन केला की तिथं बसलेली डिंपल नावाची मुलगी संगणकावर यादीतून गावाचं नाव निवडायची, गरज काय ते लिहायची, आणि ती नोंद दोन्ही घाटांवरच्या बोटवाल्यांच्या ठाण्यात एकाच वेळी दिसायची. यादीतून गाव निवडल्याशिवाय नोंद पुढं जायची नाही. हे सगळं मी आणि दामिनीनं बांधून दिलं होतं.

अडचण एकच होती. वडशाच्या टेलिफोन लाइनवर ते पान उघडायला दीड-पावणेदोन मिनिटं लागायची. कारण गावांची यादी. जमिनीच्या दप्तरातून उचललेली ती यादी साडेअकराशे नावांची होती. दामिनी दोन आठवडे त्याच्याशी झुंजत होती. मी एका सकाळी चहा पिता पिता ते सोडवलं.

यादीत पावणेचारशे नावांपुढे ‘रिठ’ असं लिहिलेलं होतं. दामिनीला तो शब्दच माहीत नव्हता. पुण्या-हैदराबादच्या माणसाला जन्मात कळला नसता. मला माहीत होता, कारण मी वडशाजवळच्या धान पिकवणाऱ्या घरात वाढलो. रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. दप्तरात नाव असतं, शेतं असतात, पण वस्ती नसते. देवीच्या साथीनं, वाघानं, दुष्काळानं केव्हाची माणसं निघून गेलेली.

“उडव सगळी,” मी म्हणालो. “रिठात कोण राहतं? भुतं. त्यांना पुराचं काय?”

“नक्की ना? एकदा जाऊन पाहायचं का?”

“मी इथला आहे की तू?”

पावणेचारशे नावं उडाली. पान मिनिटाभरात उघडायला लागलं. २००७ च्या ऑगस्टात पूर आला आणि आमच्या अ‍ॅप्लिकेशननं दोनशे चौदा नोंदी घेतल्या. मंडळाचे प्रमुख हरिदास सर निवृत्त मास्तर, त्यांना तर आम्हाला कुठं ठेवू अन् कुठं नको असं झालं. परिषदेत बोलायचं निमंत्रण आलं ते त्यांच्याच पत्रामुळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला माझं भाषण होतं. अकराच्या चहाला हरिदास सर आले आणि सोबत एका माणसाला घेऊन आले. साठीच्या आसपासचा, काळा, सडपातळ, धुतलेलं पांढरं धोतर, पायात नव्या चपला, त्यामुळं चालताना अवघडलेला. “हे इस्तारीभाऊ. आपल्या पुरात सापडलेल्या एका गावचे. भाषणानंतर दोन शब्द बोलतील. लोकांना गावचा माणूस दिसला पाहिजे,” असं म्हणून सर आयोजकांकडे गेले.

इस्तारीभाऊंनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा काढून माझ्या हातात ठेवला. वाळवलेले झिंगे होते, बारीक कोळंबी. त्या गुळगुळीत फरशीच्या व्हरांड्यात त्यांचा वास पसरला आणि हैदराबादचे दोघे चार पावलं मागं सरकले.

“तुमी अजयबाबू न? सर म्हनत होते, डोंग्याचं कम्प्युटर तुमीच बनवले.”

“हो भाऊ. तुमी कोन्या गावचे?”

“खैरझरीचे.”

“खैरझरी तं नदीच्या तिकडच्या काठाले हाय न?”

“ते दुसरी. ते मोठी हाय, तिथी सडक हाय. आमी सावंगीच्या पल्याडचे. खैरझरी रिठ म्हनते त्याले.”

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला.

“रिठात मानसं राह्यते?”

“अकरा घरं आहो. आमी सारे ढिवर. तीस वर्सं झाले. तलाव हाय न तिथी, मासोळ्या चांगल्या होते, म्हून सावंगीवरून उठून तिथी गेलो. राशनकार्डावर आताबी सावंगीच लिवून हाय, तं सरकारले मालूमच नाई आमी तिथी राह्यतो म्हून.” ते हसले. मग हसू गेलं. “मी आज माफी मांगाले आलो बाबू. तुमचा डोंगा आमच्यामुळं फुकट फिरला.”

पुढचं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, खाली मान घालून, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

पुराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अकरा घरांची माणसं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन बसली होती. चारी बाजूंनी पाणी. त्यांचे स्वतःचे डोंगे पहिल्याच रात्री वाहून गेले होते. पाळीवर माणसं आली तसे सापही आले. इस्तारीभाऊंच्या बायकोला, गोकुळाला, पायाला साप चावला. त्यांचा धाकटा भाऊ लहानू फुगलेला नाला पोहून सावंगीला गेला आणि तिथल्या फोनवरून त्यानं मंडळाच्या केंद्राला कळवलं. परत पोहून आला. सांगितलं, डोंगा निघाला आहे, वहिनीला झोपू देऊ नका. इस्तारीभाऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. नदीकडं पाहत बसले. डोंगा आलाच नाही. दुपार कलली तेव्हा ती गेली.

“मी मंग वडशाले गेलो,” ते म्हणाले. “सरनं कम्प्युटरवर दाखवले मले. डोंगा गेलता, बरोबर गेलता. खैरझरीले गेला, त्या दुसऱ्या. तिथी लोक चाय पिऊन राह्यले होते. लहानूनं गावाचं नावच बरोबर नाई सांगतलं. मी विचारलो त्याले. तो म्हने, मी रिठच म्हनलो दादा, दोनदा म्हनलो. पन कम्प्युटर काऊन खोटं बोलन? त्याले दारूचा नाद हाय जरासा. सावंगीले भट्टी हाय.”

“मंग?”

“मंग काय. पंच बसले. मी म्हनलो, याच्या हातचं पानी मले नाई पाहिजे. चाळीस वर्सं एका जाळ्यावर होतो आमी दोघं. जाळं मधातून कापलो अन् अर्धं त्याच्या अंगणात फेकलो. तेरवीच्या दिवशी तो दारात उभा होता, त्याले आत येऊ नाई देलो. तो गेला निघून. आंध्रात मिरची तोडाले गेला म्हनते. दिवाळीलेबी नाई आला.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटायला लागलं की व्हरांड्यातले सगळे माझ्याकडंच पाहत आहेत. कोणी पाहत नव्हतं. लोक बिस्किटं खात होते.

काय घडलं ते मला एका क्षणात दिसलं होतं. लहानू फोनवर म्हणाला असणार, खैरझरी रिठ. डिंपलनं यादीत खैरझरी टाइप केलं. यादीत एकच खैरझरी होती. रिठ मी उडवलं होतं. दोन असत्या तर तिनं थांबून विचारलं असतं. एकच होती म्हणून विचारायचं कारणच उरलं नाही. बोट गेली, कोरडं गाव पाहून परत आली, बोटवाल्यानं ‘गरज नाही’ असं कळवलं आणि नोंद बंद झाली. ती नोंद मी पाहिली होती. तिच्यावर मी भाषणात एक पान केलं होतं : ‘एकूण नोंदी २१४. मदत पोचली २१३. खोटी नोंद १.’ आणि खोट्या नोंदीपुढं मी एक हसरा पिवळा चेहरा लावला होता. तिथं सभागृह हसेल असा माझा अंदाज होता.

मी दामिनीला जिन्याखाली नेऊन सगळं सांगितलं. मग तिनं लॅपटॉप उघडला, ते पान काढलं आणि म्हणाली, “हा चेहरा आधी काढ.”

मी काढला.

“आता वर जाऊन सांग.”

“सगळ्यांसमोर?”

“तू सगळ्यांसमोर फुशारकी मारणार होतास ना? मग हेही सगळ्यांसमोर सांग. नाही सांगितलंस तर मी माईक घेईन.”

बारा वाजता मी व्यासपीठावर गेलो. पहिल्या रांगेत हरिदास सर, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले इस्तारीभाऊ. बाकी सगळे बोलले तसा मी इंग्रजीत बोलायला लागलो. टेलिफोनच्या तारा, पानाचं वजन, यादी. रिठ या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. पुण्याच्या माणसानं वहीत लिहून घेतला. पावणेचारशे नावं उडवल्याचं सांगितलं आणि मिनिटाभराचा आकडा दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या.

मग मी ते पान दाखवलं आणि सांगितलं.

सांगितलं मी सगळं. काहीही लपवलं नाही. यादीतून मी एक जिवंत गाव काढलं, त्या गावाचा निरोप दुसऱ्या गावाच्या नावावर गेला, आणि एक बाई मेली. चूक फोन करणाऱ्याची नव्हती, केंद्रातल्या मुलीची नव्हती, माझी होती. मी इथला आहे, मला सगळं माहीत आहे, या माजात मी एकदाही जाऊन पाहिलं नाही. पण हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं.

मराठीत सांगता आलं असतं. हरकत कोणीच घेतली नसती. अर्धं सभागृह नागपूर-चंद्रपूरचंच होतं. भाषा बदलायची एवढंच होतं, आणि ती मी बदलली नाही. इंग्रजीत त्या बाईला नाव नव्हतं. मी तिला ‘एक मृत्यू’ म्हणालो, लहानूला ‘वापरकर्ता’ म्हणालो, आणि इस्तारीभाऊंच्या डोळ्यांत पाहूनही माझी जीभ चालत राहिली, कारण त्यांना एक अक्षर कळत नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. ते माझ्याकडं लेकराकडं पाहावं तसं कौतुकानं पाहत होते.

मी थांबलो. मग हैदराबादचा एक वयस्क इंजिनिअर उठून उभा राहिला आणि त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याच्यामागं सगळे उभे राहिले. दोन दिवसांतलं सर्वांत प्रामाणिक भाषण, असं तो म्हणाला. लोक उभे राहिले तसे इस्तारीभाऊही उभे राहिले आणि दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवायला लागले.

प्रश्न विचारले गेले. गावांना नावाऐवजी क्रमांक का दिले नाहीत. जनगणनेच्या यादीशी ताडून का पाहिलं नाही. कोणी विचारलं नाही की ती माणसं आता कुठं आहेत. मी मात्र प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. लाज वाटते सांगायला, पण त्या दहा मिनिटांत मला हलकं वाटत होतं.

मग हरिदास सरांनी इस्तारीभाऊंना वर बोलावलं. सरांचं इंग्रजी माझ्या आईइतकंच. काहीतरी अडचणीचं सांगितलं आणि लोकांना आवडलं, एवढंच त्यांना उमगलं होतं. इस्तारीभाऊंनी माईकला हात जोडले.

“मी अडानी मानूस,” ते म्हणाले. “आमच्या घरच्यानं खोटं ठिकान सांगतलं. यायचा डोंगा फुकट गेला. त्या टाइमले दुसऱ्या गावाले डोंगा लागला असन, त्यायचंबी नुकसान झालं असन. मोठा भाऊ म्हून मी सगळ्यायची माफी मांगतो. त्याले आमी घराच्या बाहेर काढलो. यानंतर असं होनार नाई.”

नागपूर-चंद्रपूरच्या लोकांना हे कळलं. माझं इंग्रजीही त्यांना कळलं होतं. दोन्ही कळलेली शंभरेक माणसं तिथं बसली होती. कोणी माझ्याकडं पाहिलं, कोणी चपलांकडं पाहिलं. एक जण जागेवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभा होतो, माईकपासून चार हातांवर. एक पाऊलही टाकलं नाही. आयोजकांनी आम्हा दोघांना शाल आणि नारळ दिला, शेजारी शेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत इस्तारीभाऊंनी माझा हात धरला आहे.

खाली आलो तर दामिनी दाराशी उभी होती. “तू मला फसवलंस,” ती म्हणाली. “मी सांग म्हटलं ते कोणाला सांगायचं, हेही समजावून द्यायला हवं होतं का?” आणि ती लॅपटॉप घेऊन निघून गेली. त्यानंतर आम्ही एकत्र काम केलं नाही.

हरिदास सर मंडळाच्या कामासाठी थांबणार होते. इस्तारीभाऊंना एस. टी. स्टँडवर मीच सोडतो म्हणालो. मोटरसायकलवर ते मागं बसले, शाल घडी करून पोटाशी धरली. वाटेत बोलत होते. वडशाकडं सध्या रोज नाटकं आहेत, रात्रभर लाउडस्पीकर, मासे पळून जातात म्हणाले. मी हं हं करत होतो.

स्टँडवर वडशाची गाडी लागली होती. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर अजून आला नव्हता. मी गाडीत चढलो, त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. या वेळी आपल्या बोलीत. त्यात ‘वापरकर्ता’ म्हणायची सोयच नव्हती.

“भाऊ, लहानूभाऊ खरं बोलले. त्यायनं रिठच सांगतलं. कम्प्युटरमधी तुमचं गावच नव्हतं. मी काहाडलो होतो ते. रिठात कोनी राह्यत नाई म्हून. गोकुळाबाई माझ्यामुळं गेल्या.”

ते समोरच्या सीटच्या दांड्याकडं पाहत राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“दोनदा म्हनलो, म्हने तो मले,” ते म्हणाले. “दोनदा म्हनलो दादा.”

“हो.”

“मी त्याले तेरवीच्या जेवनाले दारात उभा ठेवलो.”

ते उठले. पिशवी घेतली, शाल सीटवरच ठेवली आणि गाडीतून उतरले. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, सिरोंच्याची गाडी कुठी लागते? सिरोंच्याला नदी ओलांडली की आंध्र. त्यानं पलीकडं बोट दाखवलं. मी मागोमाग धावलो.

“भाऊ, कुठी शोधसान त्याले? मिरचीचे वावर नदीपल्याड कोसागणिक हाय. मी येतो तुमच्यासंग.”

“तुमी नोका येऊ.”

“तेलुगू येते का तुमाले?”

“नाई येत. नाव तं सांगता येते न भावाचं.”

सिरोंच्याची गाडी सुटायच्या बेतात होती. ते चढले. मी खिडकीखाली उभा राहिलो, उन्हात. चालकानं इंजिन चालू केलं तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हिशेब लागत नसल्यासारखे ते माझ्याकडं पाहत होते.

“बाबू, हे जे तुमी आता मले सांगतलं, तेच तिथी माईकवर सांगतलं का?”

“हो भाऊ. इंग्रजीत.”

“हेच सगळं? ते मेली म्हून?”

“हो.”

“मंग लोक टाळ्या काऊन वाजवत होते?”

गाडी मागं सरकली, वळली. त्यांनी आपले दोन्ही हात खिडकीच्या दांड्यावर उलटे ठेवले होते आणि तळव्यांकडं पाहत होते.

“मीबी वाजवलो न, बाबू,” ते म्हणाले. “मीबी वाजवलो.”